दर तीनशे सेकंदांनी

"ताई, परत बंद झालंय," विठ्ठलभाऊ म्हणाले.

दसऱ्यापासूनच्या बारा दिवसांत त्यांचं खातं बंद पडायची ही एकोणिसावी वेळ. मी मोजत होते, कारण मोजण्यापलीकडे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"किती वेळा टाकला पासवर्ड?"

"एकदा. मग अजून दोनदा."

"म्हणजे तीनदा."

"पयल्यांदाच बंद हुतं. मग तीनदा काय आन् तीस वेळा काय."

मी लोणावळ्याच्या ऑफिसमधून उर्सेच्या सर्व्हरवर गेले, त्यांच्या खात्याला लागलेलं लॉक काढलं आणि म्हटलं, "आता बघा." फोनमधून कीबोर्डचा आवाज येत होता. दर दोन सेकंदांना एक बटण. ते एकाच बोटाने टाइप करतात.

"उघडलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्या कंपनीची तीन शीतगृहं आहेत, कान्हे, शिरगाव आणि उर्से. मावळातल्या पॉलिहाउसांमधला गुलाब आणि जरबेरा तिथे थंड खोल्यांत थांबतो आणि मग गाडीत चढतो. विठ्ठलभाऊ उर्सेला कॉम्प्रेसर सांभाळतात, सकाळी सात ते तीन. तीन ते अकरा आकाश असतो, तोही विठ्ठलभाऊंच्याच नावाचं खातं वापरतो. अकराला जाताना आकाश पीसी बंद करतो. रात्री खोल्या आपोआप थंड राहतात.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आठ महिन्यांपूर्वी इथे लागले. माझं काम मॉनिटरिंगचं. एक सॉफ्टवेअर आहे, ते दर पाच मिनिटांनी कंपनीच्या प्रत्येक मशीनकडे जाऊन चौकशी करतं. तापमान किती, जागा किती उरली, चालू आहेस का. उत्तर नीट आलं की माझ्या पडद्यावर हिरवा गोल, वाईट आलं की लाल, उत्तरच आलं नाही तर राखाडी.

चौकशीला आत जावं लागतं आणि आत जायला नाव आणि पासवर्ड लागतो. ते सॉफ्टवेअरमध्ये साठवून ठेवतात. एकदा साठवलं की पासवर्डच्या जागी फक्त टिंबं दिसतात. आत काय आहे ते कोणालाच वाचता येत नाही, मलाही नाही. पुसून नवा टाकता येतो, एवढंच. सुरक्षेसाठी ते बरोबर आहे. पण त्यामुळे साठवलेला पासवर्ड जुना आहे की नवा, हे नुसतं बघून कळत नाही.

आणि आमच्याकडे पासवर्ड दसऱ्याला बदलतात. ऑडिटवाल्यांनी वर्षातून एकदा तरी बदला म्हणून सांगितलं, तेव्हा शेठ म्हणाले, मग मुहूर्तावरच बदलू. त्यामुळे खंडेनवमीला कॉम्प्रेसरची, पान्यांची, वजनकाट्यांची आणि सर्व्हरच्या कपाटाची पूजा होते, कपाटाला झेंडूचा हार चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पासवर्ड एकदम बदलतात. प्रत्येक जागेचा नवा पासवर्ड शेठ स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहितात, ती चिठ्ठी पूजेच्या ताटात राहते आणि आपट्याच्या पानाबरोबर त्या त्या ऑपरेटरच्या हातात पडते. मला हे ऐकून आधी हसू आलं होतं. नंतर वाटलं, निदान कोणी विसरत तरी नाही.

यंदा बदल करण्याचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे होतं. माझ्याआधी हे बघणारा प्रदीपदादा हिंजवडीला दुसऱ्या कंपनीत गेला होता. मी यादी केली, प्रत्येक ओळीपुढे खूण केली, शेवटी मॉनिटरिंगमध्ये साठवलेला पासवर्डही बदलला. काही राहिलं नाही याची मला खात्री होती.

बुधवारी दुपारी अमृत सरांनी बोलावलं. ते शेठचे पुतणे, कामकाज तेच बघतात. टेबलावर एक प्रिंट होतं.

"उर्से. दसऱ्यापासून खातं एकोणीस वेळा लॉक. एकोणीसच्या एकोणीस सात ते तीनमध्ये. आकाशच्या पाळीत किती?"

"शून्य," मी म्हटलं. ते मीही पाहिलं होतं.

"सेम पीसी, सेम सर्व्हर, सेम पासवर्ड. फरक फक्त माणसाचा."

"सर, विठ्ठलभाऊ म्हणतात ते बरोबर टाकतात."

"ते म्हणणारच. सोमवारी काय झालं ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. सोमवारी दोन नंबरच्या खोलीत थंड हवा सोडणाऱ्या कॉइलवर बर्फ साचला होता. तो वितळवायचं बटण पडद्यावर असतं आणि पडदा लॉक होता. विठ्ठलभाऊंनी मला अकरा वेळा फोन केला. मी याच खोलीत, याच खुर्चीवर मीटिंगला बसले होते आणि अमृत सरांचा नियम म्हणून फोन बाहेर ठेवला होता. चाळीस मिनिटांत खोली नऊ अंशांवर गेली. दिवाळीच्या ऑर्डरच्या जरबेऱ्यांनी माना टाकल्या.

"मी तिथे नोटीस लावली आहे," सर म्हणाले. "शनिवारी मी उर्सेला जाणार आहे. तोपर्यंत तुझा रिपोर्ट हवा. दोन ओळी लिही, ऑपरेटरकडून वारंवार चुकीचा पासवर्ड टाकला जातो. तुझी सही म्हणजे टेक्निकल बाजू क्लिअर. मग दिवाळीनंतर त्यांना येऊ नका म्हणून सांगता येईल."

"आणि तसं नसेल तर?"

"मग कसं आहे ते लिही. पण शनिवारपर्यंत." त्यांनी प्रिंट माझ्याकडे सरकवलं. "प्रयत्न त्याच पीसीवरून आलेत. त्या पीसीसमोर बसतं कोण?"

मी प्रिंट उचललं आणि रागातच माझ्या टेबलापाशी परत आले.

त्या प्रिंटमध्ये फक्त लॉक झाल्याच्या वेळा होत्या. मी सर्व्हरवरून सगळ्या नोंदी उतरवल्या, प्रत्येक चुकीच्या पासवर्डची वेळ सेकंदासकट. मंगळवारच्या घेतल्या आणि दोन भागांत मोजल्या. सात ते तीन, एकशे सात. तीन ते अकरा, शहाण्णव.

मी पुन्हा मोजले. आकाशच्या पाळीत एकही लॉक नाही, पण चुकीचे प्रयत्न शहाण्णव.

आठ तासांत शहाण्णव म्हणजे तासाला बरोबर बारा. मग मी सलग दोन नोंदींमधली अंतरं काढली. तीनशे सेकंद. तीनशे. तीनशे एक. तीनशे. दोनशे नव्याण्णव. तीनशे. विठ्ठलभाऊंच्या पाळीत हाच आकडा आणि मधूनच एकेचाळीस, सतरा, नऊ, असे थोडे. ते थोडे म्हणजे माणूस. लॉक झाल्यावर चिडून पुन्हा पुन्हा टाकणारा माणूस. बाकीचे माणसाचे नव्हते. कोणताही माणूस, कितीही निष्काळजी असला तरी, तीनशे सेकंदांनी एकदा नेमकी चूक करत नाही.

पण मग आकाशच्या पाळीत लॉक का नाही? आणि त्या पीसीत बसून दर पाच मिनिटांनी कोण जुना पासवर्ड टाकतंय?

आता लिहिताना मला या प्रश्नाची लाज वाटते. दर पाच मिनिटांनी. हा आकडा माझ्याच सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो आणि मी तो रोज सकाळी बघते.

गुरुवारी स्कूटरवरून उर्सेला गेले. शीतगृहाच्या मागच्या भिंतीवरून एक्सप्रेसवे आणि टोलनाका दिसतो, पण दुचाकीला तो रस्ता बंद, त्यामुळे कामशेत, वडगाव, तळेगाव असा वळसा. पोचेपर्यंत दहा वाजले.

फाटकातून आत गेलं की फुलं बांधायची जागा. दहा-बारा बायका जुड्या बांधत होत्या. त्यांच्या समोरच्या फळ्यावर अमृत सरांची नोटीस होती. वर 'अंतिम ताकीद', खाली विठ्ठलभाऊंचं पूर्ण नाव, गावासकट.

विठ्ठलभाऊ कॉम्प्रेसरपाशी होते. मला बघून हात पुसले.

"वाचलीत नोटीस?"

"वाचली."

"त्या बांधणाऱ्या बाया हायेत ना, त्यातल्या चार आमच्या भावकीतल्या. सून हाय एक. रोज माझ्या नावापुढं बसून भाकर खातात." ते वळले. "चला. काय बघायचंय ते बघा."

पीसीच्या खोलीत त्यांनी माझ्यासमोर पासवर्ड टाकला. शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यात आपट्याचं वाळलेलं पान अजून होतं. पाठ असूनही ते चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अक्षर टाकत होते. बरोबर टाकला. पडदा उघडला.

"पाठ आहे ना तुम्हाला?"

"पाठ हाय. पन उद्या कुनी इचारलं, कशावरनं, तर चिठ्ठी हाय म्हनून सांगता येतं."

"आकाश कसा टाकतो?"

"त्येचं काय, तो उठतच न्हाई. खोलीचं टेम्परेचर बघायचं तर हितनंच बघतो. दर दहा मिन्टाला पडदा उघडायचा, बघायचं, मिटायचा. जेवतो बी हितंच."

"आणि तुम्ही?"

"मी आत जातो. पडद्यावर दोन अंश दिसतंय म्हनून आत दोन असतंय असं न्हाई. चारी खोल्या, मागचा पंप, कॉम्प्रेसरचा आवाज. अर्धा तास लागतो. कधी जास्ती."

मी तिथेच खुर्चीवर बसले. पहिला प्रश्न माझ्या मनात आपोआप सुटत होता.

सर्व्हरचा नियम असा की सलग पाच चुका झाल्या तरच खातं लॉक होतं. मध्ये एकदा जरी बरोबर पासवर्ड पडला, तर मोजणी पुन्हा शून्यावर. आणि पडदा उघडायचा म्हणजे दर वेळी पासवर्ड टाकावा लागतो. आकाश दर दहा मिनिटांनी टाकायचा, म्हणून पाच चुका कधी साठल्याच नाहीत. विठ्ठलभाऊ अर्धा तास फेरीला जायचे. पाच वेळा पाच, पंचवीस मिनिटं. परत यायचे तेव्हा दार बंद.

खुर्ची सोडत नव्हता तो सुटला होता, आणि खोलीत जाऊन हाताने थंडी बघणाऱ्याला नोटीस लागली होती.

"फेरीला जा तुम्ही," मी म्हटलं. "मी इथे बसते. कशालाही हात लावणार नाही."

ते गेले. मी हात मांडीवर ठेवून माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदी बघत राहिले. दहा वाजून एकवीस मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद. चुकीचा पासवर्ड. दहा सव्वीस चव्वेचाळीस. चुकीचा पासवर्ड. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी पीसीवर चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि एकेक वाचत गेले. शेवटून तिसरं नाव ओळखीचं होतं. आमच्या मॉनिटरिंगचा हस्तक प्रोग्राम. लांबच्या जागी एका पीसीवर तो बसवतात, तिथूनच तो आजूबाजूच्या मशीनची चौकशी करतो आणि उत्तर लोणावळ्याला पाठवतो. तो उर्सेला या पीसीवर आहे हे मला माहीत होतं. पण त्याचा पासवर्ड तर मी बदलला होता.

मी प्रदीपदादाला फोन लावला.

"अगं, उर्सेची टिक काढलेली आहे ना," तो म्हणाला.

"कोणती टिक?"

"लॉगिन वरच्या पातळीवर एकदा टाकलं की खालच्या सगळ्या जागा तेच घेतात. पण उर्से सुरू झालं तेव्हा आपलं मुख्य खातं तिथे चालतच नव्हतं. मग मी उर्सेपुरती ती 'वरचंच घे'ची टिक काढली आणि ऑपरेटरचंच लॉगिन टाकून दिलं. तात्पुरतं."

"कधी?"

"चार वर्षं झाली असतील."

मी लॅपटॉपवर उर्सेचं सेटिंग शोधू लागले.

"दर दसऱ्याला मी दोन ठिकाणी बदलायचो. एकदा वर, एकदा उर्सेला."

"हे कुठे लिहून का नाही ठेवलंस, दादा?"

"कोणासाठी लिहिणार? मीच होतो ना." मग जरा थांबून, "तुला कळलं नाही का? राखाडी झालं असेल की ते."

राखाडी झालं होतं. मी ते पाहिलंही होतं. पण उर्से रोज रात्री पीसी बंद झाला की राखाडी होतंच, आणि जुन्या, काढून टाकलेल्या मशीनचे चाळीसेक राखाडी गोल पहिल्या दिवसापासून पडद्यावर होते. मी लाल शोधायचे. राखाडी म्हणजे माहिती नाही. माहिती नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं मी कधी धरून चालले कोण जाणे. प्रयोगशाळेच्या वहीत असं कोणी लिहिलं असतं तर मीच त्यावर लाल रेघ मारली असती.

सेटिंग उघडलं. खरंच टिक नव्हती. नावाच्या जागी विठ्ठलभाऊंच्या खात्याचं नाव, खाली पासवर्डची टिंबं. बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पासवर्डच्या चौकटीत कर्सर नेला आणि थांबले.

विठ्ठलभाऊ फेरीवरून आले. "सापडलं?"

"सापडलं. तुमची चूक नाही. आमचं सॉफ्टवेअर तुमच्या नावाने जुना पासवर्ड टाकतंय, दर पाच मिनिटांनी."

ते पडद्याकडे बघत राहिले. "माझ्या नावानं."

"हो."

"मग काढा की ते."

"आत्ता नाही काढत."

"का?"

"मी आत्ता काढलं की लॉक व्हायचं थांबेल. अमृत सर म्हणतील, बघ, नोटीस लावली आणि सुधारले. नोंदी त्यांना दाखवून उपयोग नाही. नोंदी त्यांनी आधीच वाचल्या आहेत आणि त्यात तुम्हाला वाचलंय. त्यांना हे होताना दाखवायला हवं. शनिवारी ते येणार आहेत."

"म्हंजे अजून दोन दिस मी चोर."

"दीड दिवस. शुक्रवारी मी नोंदींवर बसून राहते. लॉक झालं की त्याच मिनिटाला काढते, तुम्हाला फोन करावा लागणार नाही. किंवा उद्याचा दिवस आकाशसारखं इथेच बसा, दर दहा मिनिटांनी—"

"फेरी मी सोडनार न्हाई," ते म्हणाले. "तुमचं ते यंत्र पाच मिन्टाला येतंय, माझं अर्ध्या तासाला. ज्येचं त्येनं करावं." दारापाशी थांबले. "ही चूक नेमकी कुनाची, ताई?"

"माझी. दसऱ्याला बदलायला हवं होतं, राहिलं."

ते वळून कॉम्प्रेसरकडे गेले. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी दिवसभर लोणावळ्यात एकाच पडद्यासमोर बसले. खातं दोनदा लॉक झालं आणि दोन्ही वेळा मी मिनिटाच्या आत उघडलं. उर्सेहून एकही फोन आला नाही. ऑफिसात सगळे दिवाळीच्या सुट्ट्यांचं बोलत होते. शेजारच्या टेबलावरची कोमल म्हणाली, "आज जेवायला पण उठली नाहीस. काय लावलंयस एवढं?" मी म्हटलं, "स्वतःचीच चूक राखत बसलेय." तिला तो विनोद वाटला.

शनिवारी सकाळी अमृत सर गाडीने आले. टोलनाक्यावरून थेट, वीस मिनिटांत. मी दीड तास आधी वळसा घालून पोचले होते.

"रिपोर्ट?"

मी कागद दिला. त्यावर फक्त सहा वेळा लिहिल्या होत्या.

"हे काय?"

"पुढचे सहा चुकीचे प्रयत्न, सर. एकदोन सेकंद इकडेतिकडे होतील. विठ्ठलभाऊंनी आत्ताच बरोबर पासवर्ड टाकलाय, म्हणजे चुकांची मोजणी शून्यावर आहे. आता पीसीची खोली तुम्हीच बंद करा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"प्रेरणा, मला बाराला तळेगावला मीटिंग आहे."

"पाचवा प्रयत्न दहा सदतीसला आहे. तेव्हा लॉक होईल."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आम्ही तिघं बाहेर अंगणात उभे राहिलो. लॅपटॉप मी एका उलट्या क्रेटवर ठेवला. बांधणाऱ्या बायकांतल्या एकीने, हिरामावशींनी, चहा आणून दिला आणि जायची घाई केली नाही.

दहा सतरा. नोंद आली. सरांनी कागद बघितला, घड्याळ बघितलं.

दहा बावीस. दहा सत्तावीस. पाच मिनिटं किती मोठी असतात ते तिघांना बोलायला काही नसलं की कळतं. सरांनी दोन फोन केले. विठ्ठलभाऊ लॅपटॉपकडे बघतच नव्हते, त्यांचा कान कॉम्प्रेसरकडे होता.

दहा बत्तीस.

"हे तू आज सेट करून ठेवलेलं नाहीस ना?" सर म्हणाले.

"दसऱ्यापासून सेट आहे. पाहिजे तर सगळ्या तारखा बघा."

दहा सदतीसची नोंद आली आणि तिच्या खाली लगेच दुसरी. खातं लॉक. सरांनी खिशावर हात ठेवला. किल्ली तिथेच होती.

"मग हे कोण करतंय?"

"आपलं मॉनिटरिंग. त्यात उर्सेला वेगळं लॉगिन साठवलेलं होतं, ऑपरेटरच्या नावाचं. पासवर्ड बदलल्यावर तिथे बदलायचं माझ्याकडून राहिलं. विठ्ठलभाऊ फेरी मारायला उठतात म्हणून त्यांच्या पाळीत लॉक होतं. आकाश उठत नाही म्हणून होत नाही."

सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "प्रदीपने तुला सांगितलं नव्हतं."

"नाही. पण पडद्यावर दिसत होतं. मी बघितलं नाही."

"ठीक आहे. म्हणजे टेक्निकल इश्यू होता. रिपोर्टमध्ये तसं लिही. सॉल्व्ह झाला ना, संपलं." ते विठ्ठलभाऊंकडे वळले. "चला, भाऊ, मिटलं तुमचं. दिवाळीनंतरही या."

"नोटीस?" विठ्ठलभाऊ म्हणाले.

"काढायला सांगतो सोमवारी ऑफिसला."

"काढू नका."

सर थांबले.

"काढली तर म्हनतील, हातापाया पडला आसंल, म्हनून काढली. ती ऱ्हाऊ द्या. तिच्या शेजारी दुसरी लावा. चूक कुनाची ते लिहून. आन् सोमवारी न्हाई, आज. बाया हितं हायेत तवर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "प्रेरणा लिहील," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात देऊन तळेगावला गेले. सॉरी म्हणाले नाहीत. त्यांच्या गाडीची धूळ बसेपर्यंत हिरामावशी रिकामे कप हातात धरून उभ्या होत्या.

मी क्रेटवरच कागद ठेवून लिहिलं. दसऱ्यापासून उर्से येथील खाते वारंवार लॉक होण्याचे कारण मॉनिटरिंगमध्ये राहिलेली तांत्रिक चूक असून त्यात ऑपरेटरचा दोष नाही. खाली माझं नाव आणि सही. विठ्ठलभाऊंनी कागद घेतला आणि चिठ्ठी वाचतात तसा, बोट ठेवून वाचला.

"तांत्रिक चूक म्हंजे?"

"म्हणजे मशीनमधली."

"मशीनमदी तुमी सोडलं आन् मशीननं धरलं. मशीनची कसली चूक?" ते शांतपणे म्हणाले. "माझ्या नोटिशीत कुटं लिव्हलंय, तांत्रिक?"

मी तो शब्द खोडला. मग सगळाच कागद फाडला आणि नवा लिहिला. नवा पासवर्ड मॉनिटरिंगमध्ये भरायचा मी विसरले, त्यामुळे खाते लॉक होत होते. विठ्ठल यांनी पासवर्ड प्रत्येक वेळी बरोबर टाकला.  'प्रत्येक वेळी' हेही मी नोंदींवरून तपासलं होतं. लॉक नसताना त्यांनी टाकलेला एकही पासवर्ड चुकलेला नव्हता. दसऱ्यापासून एकदाही नाही. हे मी पहिल्याच दिवशी तपासू शकले असते.

त्यांनी दुसरा कागद वाचला, टाचण्या आणल्या आणि स्वतः लावला. बायका एकेक करून उठल्या. वाचता न येणाऱ्या दोघींना सुनेने वाचून दाखवलं, माझ्या नावासकट. मी तिथेच उभी होते. एकीने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही ते दिसलं नाही.

मग मी खोली उघडली, उर्सेसाठी मॉनिटरिंगचं स्वतंत्र खातं तयार केलं, ऑपरेटरचं नाव काढून टाकलं आणि विठ्ठलभाऊंचं लॉक उघडलं. राखाडी गोल पाच मिनिटांनी हिरवा झाला. पडद्यावर अजून चाळीस राखाडी होते. त्यातल्या प्रत्येकाला आता मला एकेक करून विचारावं लागणार होतं, तू खरंच मेला आहेस का.

"फेरीला जाता का?" मी म्हटलं. "मला एकदा बघायचंय."

ते गेले. मी थांबले. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. एकही चुकीची नोंद आली नाही. पस्तिसाव्या मिनिटाला ते परत आले, चिठ्ठी काढली, एका बोटाने पासवर्ड टाकला. पडदा उघडला. 

त्यांनी पडद्यावरचा दोन नंबरच्या खोलीचा आकडा वाचला आणि खिशातून थर्मामीटर काढून माझ्यासमोर धरला.

"हितं दोन पॉइंट शून्य म्हनतंय. आत दोन पॉइंट सहा हाय. मागल्या महिन्यापास्नं सांगतोय, कुनी लिहून घेत न्हाई."

मी वही उघडली आणि वेळ लिहिली.